भिंतीवरचं जास्तीचं पदक

ब्रेडा, नेदरलँड्स

प्रिय बाबा,

तीन रविवार झाले, फोनवर तुमच्याशी हवापाणी, आईचे गुडघे आणि सोसायटीतलं पार्किंग एवढंच बोलते आणि ठेवून देते. मागच्या वेळी तुम्ही विचारलंतही, काही लपवते आहेस का म्हणून. हो, लपवते आहे. तुमच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही आणि खरं सांगायचा धीर होत नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला राग येईल अशीच गोष्ट आहे. शेवटचं पान आधी वाचायची तुमची खोड मला माहीत आहे. या वेळी तेवढं करू नका.

गेल्या मंगळवारी मी सुट्टी काढली होती. दुपारी घरी जावंसं वाटेना, म्हणून सायकल गावाबाहेर वळवली. तिथं फौजी कुटुंबांसाठी सत्तर वर्षांपूर्वी बांधलेली एक वसाहत आहे. एकसारखी विटांची घरं, प्रत्येकापुढे रुमालाएवढी बाग. छावणी कधीच बंद झाली, निम्म्या घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्यात. पुढच्या वर्षी सगळं पाडणार आहेत. तोवर चित्रकारांना भिंती देऊन टाकल्यात आणि त्यांनी इथल्याच लोकांच्या जुन्या फोटोंवरून दोन-दोन मजली चित्रं काढली आहेत. एका भिंतीवर दोरीवर वाळणारे गणवेश, एकीवर सामानाचा ट्रक आणि त्याच्या टपावर उलटी बांधलेली खुर्ची. ती खुर्ची बघून मी सायकलवरून उतरलेच. झाशीहून देवळालीला येताना आपली वेताची खुर्ची अशीच बांधली होती आणि आई वाटभर तिच्याच काळजीत होती.

तिथं कोबी नावाच्या आजी भेटल्या, वय चौऱ्याऐंशी. अजून राहणाऱ्या सहा कुटुंबांपैकी एक. माझं डच अजून अडखळतं, पण त्यांना ऐकणारं कुणीतरी हवंच होतं. त्यांचा नवरा सार्जंट होता. त्याचं चित्र त्यांच्याच घराच्या बाजूच्या भिंतीवर आहे, छातीवर चार पदकं. खरी तीनच होती म्हणे. चित्रकार चुकला आणि दुरुस्त करायला शिडी घेऊन आला, तेव्हा आजींनी त्याला परत पाठवलं. अकरा वेळा घर हलवलं ते मी, तेव्हा चौथं माझं, असं त्या मला अगदी गंभीरपणे म्हणाल्या. हे आईला नक्की वाचून दाखवा. आपली नऊ क्वार्टर्स झाली. एक पदक तिलाही निघतं आणि ते तुमच्याच छातीवरून काढून द्यावं लागेल.

आजींनी आत नेऊन कॉफी दिली. भिंतींना एकही भोक नव्हतं, सगळे फोटो कपाटावर उभे करून ठेवलेले. मला हसू आलं. आमचं घर स्वतःचं होऊन चार वर्षं झाली, तरी मी अजून खिळा ठोकलेला नाही. तुमचा जावई श्रीहर्ष चेष्टा करतो की तुझे बाबा तपासणीला येणार आहेत का. काय करणार, क्वार्टर सोडायच्या आदल्या दिवशी हातात यादी घेऊन भिंतीवरून बोटं फिरवणारे तुम्ही डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याच आदल्या दिवशी तुम्ही माठही भरून ठेवायचात, पुढच्या माणसांना आल्या आल्या पाणी मिळावं म्हणून. हे मी आजींना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, तुझे वडील कोणत्या सैन्यात होते?

बाबा, आता सांगते. मंगळवारची सुट्टी नगरपालिकेतल्या समारंभासाठी होती. सकाळी अकरा वाजता, अठरा अनोळखी माणसांच्या रांगेत उभी राहून, मी उजव्या हाताची दोन बोटं वर केली आणि या देशाची नागरिक झाले. स्वानंदीचंही माझ्याबरोबरच झालं. ती इथंच वाढली, मराठीत विचारलं तर डचमध्ये उत्तर देते, ती इथंच राहणार. आणि लेकीला सोडून मी कुठं राहणार? आम्हां दोघांपैकी एकाचा तरी भारतीय पासपोर्ट राहावा म्हणून श्रीहर्षनं त्याचा ठेवला, मी माझा सोडला. पुढच्या आठवड्यात तो वकिलातीत जमा करायचा आहे. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असतात आणि तरी मी हेच केलं असतं. मला तुमच्या शब्दाबाहेर जायचं नव्हतं, म्हणून तुमचा शब्दच घेतला नाही. ही माझी चूक, आणि ती मला मान्य आहे. पण आजींनी विचारलं तेव्हा ते प्रमाणपत्र माझ्या पिशवीत होतं, आणि मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "आमच्या." रविवारी नेहमीच्या वेळेला फोन करते. रागवा, हवं तेवढं बोला, पण उचला.

तुमचीच, कुठंही राहिले तरी,
उत्तरा