भिंतीवरच्या रेघा

ता. २० एप्रिल १९६४, पुसद
नात नसीम सुट्टीत नागपूरहून आली. चित्रशाळेत घरातल्या वस्तूंची रचना शिकते. मी जन्मभर सुतारकाम केलं, पण हे कोणी शिकवतं हे ठाऊक नव्हतं. आता चार जणांच्या कामात शिरून उपयोगी वस्तू करून दाखवायची आहे. नातीने निवडल्या महिला मंडळाच्या शेवया! त्यांनी वस्तू ठेवून घेतली नाही तर वर्ष वाया. आपण मुसलमान, कणकेला हात लावू देतील? जेवण गेलं नाही.

ता. २१
सकाळपासून तिला पढवतोय. आधी बापाचं नाव, मग मोहल्ला, मग नमस्कार. हसते. "दादा, तुम फिकर मत करो." कशी नाही करणार.

ता. २२
मंडळात गेलो. मी दारातच उभा. अध्यक्ष कमलाबाईंनी विचारलं, "कोनाची पोरगी व्हय तू?"
पढवलेलं एक अक्षर बोलली नाही. चुलीतला कोळसा उचलला, भिंतीला पाठ लावली, हात वर केला. बोट पोचलं तिथं रेघ. शेजारी नाव. म्हणाली, "मी नसीम. माहा हात इथवर पोचते. तुमचा कुठवर पोचते, थे पाहाले आली."
नवा चुना दिलेली भिंत! मग सगळ्यांत बुटक्या चंद्रभागाबाई उठल्या. "काढ वं माही रेघ. दरसाल डब्यावर चढून शेवया टांगतो. एखाद दिवशी कंबर मोडन."
मागून कोणीतरी, "तुह्या रेघेवर तं कोंबडी बसन!"
हसत हसत सगळ्या भिंतीला उभ्या राहिल्या. कमलाबाई नाही. "मले नको मोजू. वस्तू दाखव, मंग ठेवाचं का नाई सांगतो."

ता. २५
नसीमने कागदावर काढलं. शिडीसारखी तिरपी घोडी, दर काठी वेगळ्या उंचीवर. जिची रेघ जिथं, तिची काठी तिथं. इतकं सोपं, आणि मला कधी सुचलं नाही. कागद पाहतच राहिलो.
करवत धरताना हात थरथरतो. ती म्हणते थरथरू द्या, बांबू मी दाबते. सगळ्यांत वरची काठी कोणाच्याच रेघेची नाही. कायले, विचारलं. "रहने दो."

ता. २९
घोडी नेली. डगमगते का म्हणून हलवून हलवून पाहिली. चंद्रभागाबाई ओरडल्या, "चाचा, तुमीच पाडसान तिले!" मग पाटावरची शेवयांची ओली लड उचलली. "हात धुतले नं पोरी? धर मंग." आणि नसीमच्या हातात दिली. मी तोंड फिरवून डोळे पुसले.
एकही तार न तोडता टांगली पोरीने. वरची काठी रिकामीच. कमलाबाई नुसत्या पाहत होत्या. ना हो म्हणाल्या, ना नाही.

ता. ३०
घोडीची खुंटी सैल राहिली असेल, या धास्तीने उजाडताच मंडळात गेलो. वरच्या काठीवर शेवया. भिंतीवर सगळ्यांच्या वर एक नवी रेघ. शेजारी नाव नाही.
कमलाबाई एकट्याच गहू निवडत होत्या. उंच बाई. मान वर केली नाही.
"नसीमला पाठवू का?"
"आधी शेवया तं वाळू द्या, चाचा."
घरी आलो. नसीम अजून निजलेली. रेघेचं सांगावं की तिनेच जाऊन पाहावं... आणि वाळताना तुटल्या तर?