राखेवरचा हात

प्रिय भाऊ,

येत्या रविवारी टेकडीच्या पायथ्याशी तुझ्या नावाची पाटी लागणार आहे. 'कंडक्टरभाऊ पायवाट'. आपल्या फिरणाऱ्या मंडळींनीच ठरवलं. म्हणाले, "ताई, दोन शब्द तुम्हीच बोला." म्हणून काल कागद घेऊन बसले. 'माझा भाऊ टेकडीवेडा होता' एवढं लिहिलं आणि पुढे सुचेना. सुचेना कसलं, शिव्याच सुचायला लागल्या! म्हटलं, भाषण राहू दे, आधी तुझ्याशी भांडून घेऊ.

पौषात गेलास. झोपेतच, कुणाला त्रास न देता. सगळे म्हणाले, सोन्यासारखा माणूस. मीही मान हलवली. आज कुणी म्हटलं तर हलवणार नाही.

मी कोंढ्याला मास्तरीण म्हणून लागले, तेव्हा तू मला पहिल्यांदा टेकडीवर नेलंस. आठवतं का रे? "पोरायले पुस्तकातला पळस शिकवून राहिलीस, अन् उभा पळस पाह्यला नाईस? चाल!" फाल्गुन नुकता लागला होता. धानाच्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक वाळत आलेलं, सकाळचा गारवा अजून होता, आणि बोडीच्या पाण्याकाठच्या पारीवर एकही पान नसलेला पळस नुसता लालभडक. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिले. तू हसलास आणि म्हणालास, "हा तर पयला स्टॉप आहे, बेबी. गाडी अजून लय दूर जायची आहे."

तुझी ती एस.टी.तली कंडक्टरकी! टेकडीवरही सोडली नाहीस. बोडी स्टॉप, मोह स्टॉप, ऐन स्टॉप. ऐनाच्या सालीवरून हात फिरवायला लावायचास, "मगरीची पाठ आहे, हात लावून पाह्य, चावत नाई!" चारोळीच्या मोहरापाशी थांबवायचास. आणि नाल्याकाठच्या सपाट दगडापाशी आलं की चहा स्टॉप. तीन दगड, वाळक्या काटक्या, गवती चहाची पात टाकलेला कोरा चहा. किती फाल्गुन गेले असे! मी विधवा झाले त्या वर्षीसुद्धा तू मला घरात बसू दिलं नाहीस. त्या चहाने मी जगले, भाऊ. खोटं नाही सांगत.

आणि तुझा नियम. चहा झाला की कॅनमधलं उरलेलं पाणी विस्तवावर ओतायचं, काडीने हलवायचं, पुन्हा ओतायचं, आणि मग राखेवर तळहात ठेवायचा. "राख थंडी लागली तरच गाडी सुटन." नवीन आलेल्या पोरांना तू ठेवायला लावायचास. त्या नियमाचा मला केवढा अभिमान! वर्गात सांगायचे मी, माझा भाऊ राखेवर हात ठेवल्याशिवाय जागचा हलत नाही म्हणून.

मग तो तीन वर्षांपूर्वीचा रविवार.

त्या दिवशी आपण दोघंच होतो. वाटेत मोहाखाली सुकमाबाई भेटली. तिच्या सासूपासून तिच्या घरानं वेचलेला तो मोह. फुलं पडायच्या आधी, ती नीट वेचता यावीत म्हणून, झाडाखालचा पाला गोळा करून जाळतात, तसं ती करत होती. हातात हिरवा फाटा, जाळ जरा पसरला की झोडपून विझवायची. तू तिच्यावर ओरडलास, "काहून जाळतेस व सुकमे? पूरा जंगल खाशील एक दिवस!" ती म्हणाली, "इझवूनच जातो ना भाऊ. मले का जंगल नोको आहे?"

चहा स्टॉपवर ऊन लागलं म्हणून मी कॅनमधलं पाणी तोंडावर मारलं, मानेवर मारलं. मनसोक्त! चहा पिऊन झाल्यावर तू म्हणालास, "तू हो समोर, मी इझवून येतो." मी रिकामा कॅन हलवत पुढे निघाले. रिकामा होता, भाऊ. माझ्याच हातात होता. आणि मला काही कळलं नाही!

दुपारी टेकडी पेटली. संध्याकाळपर्यंत अर्धी काळी झाली. दुसऱ्या दिवशी वनसमिती बसली, तेव्हा तू सांगितलंस, "आम्ही आमची आग इझवली. राखेवर हात ठेवून पाह्यला मी." आणि सुकमा पाला जाळताना दिसली, हेही सांगितलंस. मला विचारलं. मी उभी राहिले आणि ठणकावून बोलले, "हो. माझ्या भावाने राखेवर हात ठेवला." पाहिलं होतं का मी? नाही. पण तू ठेवला नसशील, असं मनातसुद्धा आलं नाही.

मोहाखाली जाळ दिसला की आग मोहवालीनेच लावली, हे आपल्याकडे ठरलेलंच. कुणी आणखी काही विचारलं नाही. समितीने सुकमाचा मोह काढून दुसऱ्या घराला दिला. पोरं तिला आगलावी म्हणून चिडवायला लागली. तू ऐकत होतास ना रे ते?

त्यानंतर तू वाट बदललीस. "तिकडची वाट खराब झाली, बेबी." मी म्हटलं, असेल. तुझ्या शब्दावर तर मी डोळे मिटून चालत होते.

गेल्या रविवारी एकटीच निघाले. तुझी आठवण येत होती, म्हणून मुद्दाम जुन्या वाटेने. वाट अगदी धडधाकट! मोह स्टॉप आला. सुकमाच्या मोहाच्या बुंध्याला कुठे काळा डाग नाही. नाल्यापर्यंत एक झाड जळलेलं नाही. चहा स्टॉपला पोचले. तीन दगड तसेच. आणि त्या दगडांपासून वर, प्रत्येक बुंधा काळा. खालच्या मोहाकडून आग आली असती तर मधली झाडं वाचली असती का?

घरी येऊन वहिनीला विचारलं. तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मले माईत होतं, बाई. पाणी संपलं होतं म्हणत. माती लोटली वरून अन् निंगाले. तुमचं नाव येईन म्हणून बोलले नाई म्हणत."

माझं नाव? व्वा! म्हणजे हेही माझ्याच माथी! पाणी मी सांडलं, कबूल. मग मला हाक का नाही मारलीस? "बेबी, पाणी नाई, थांब," एवढं म्हणायला काय झालं होतं? नाल्याच्या डबक्यातून आणलं असतं आपण. तू मला वाचवलं नाहीस, भाऊ. तू मला खोटी साक्ष द्यायला उभं केलंस. माझ्या विश्वासाची काठी करून एका बाईच्या पाठीत घातलीस.

परवा सुकमाकडे गेले. सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, ओरडेल. तिने पाट दिला बसायला. म्हणाली, "मी नाल्यावरून पाह्यलं होतं ना म्याडम. भाऊ पायानं माती लोटून राह्यले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी मास्तरीण. तुमी म्हणलं, हात ठेवला. मंग माह्यावाल्या तोंडाले कोण पुसते?"

मी पाटावरून उठले. जाताना तीच म्हणाली, "भाऊ दर होळीले चायपत्तीचा पुडा ठेवून जात. बोलत काईच नाई." मी विचारलं, काय केलंस त्याचं? "पेली. चायपत्तीचा का गुन्हा?"

म्हणजे तुला झोंबत होतं. तीन वर्षं झोंबत होतं आणि तू चहापत्ती वाटत बसलास! माझा भित्रा भाऊ. किती राग येतो तुझा, आणि तरी पळस फुलला की पहिली हाक तुलाच मारावीशी वाटते. याचं काय करू?

ते तू सांगणार नाहीस. मी काय करणार ते ऐक. रविवारी सगळे जमतील, समितीची माणसंही. मी बोलेन. आग आमच्या चुलीची होती, पाणी मी संपवलं, माती माझ्या भावाने लोटली, साक्ष मी खोटी दिली, हे सगळं बोलेन. सुकमाचा मोह सुकमाला परत मागेन. तुझी पाटी त्यानंतर लावायची की नाही, ते तिला विचारीन. ती नको म्हणाली तर मी स्वतः उतरवून घरी आणेन.

मग वर चहा स्टॉपला जाऊ. सुकमा येते म्हणालीय. दोन कॅन घेतलेत, एकाला तोंड धुवायलाही हात लावणार नाही. निघताना राखेवर हात मी ठेवणार आहे, भाऊ. तिच्या देखत.

तुझ्यावर रुसलेली,
बेबी