वजनाचं जाकीट

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू बाबांसाठी पाठवलेलं वजनाचं जाकीट पोचलं. हाडं बळकट व्हावीत म्हणून रोज सकाळी फिरताना थोडा वेळ घालायचं, असं तू मला कळवलं होतंस. बाबांनी ते आंघोळ सोडून दिवसभर अंगावर चढवलंय. भाजी निवडताना जाकीट, पेपर वाचताना जाकीट. आई म्हणते, हातात तलवार तेवढी द्यायची बाकी आहे. आताच हसून घे, पुढचं वाचून हसू येणार नाही.

बाबा ते घालून फेरीबोटीवर कामाला जातात. बोट धक्क्याला लागताना कठड्याबाहेर वाकून दोर फेकतात, आणि छातीपाठीवर लोखंडाच्या कांड्या! काल डबा द्यायला गेले तेव्हा स्वतः पाहिलं. काढा म्हटलं, तर म्हणाले, लेकाने पाठवलंय. तूच त्यांना दोन ओळी लिही ना.

लोभ आहेच, तुझं पत्र आलं की वाढवीन.

बबडी

११ जून

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

तू पहिल्यापासून भित्री भागूबाई! बाबांचं आयुष्य बोटीवर गेलं, पोहतात तर माशासारखे. तरी माझं नाव सांगून जाकीट काढायला लाव. मी स्वतः काय लिहू? बोटीची नोकरी नको म्हणून घर सोडलं, तेव्हापासून आमच्यात पत्र नाही. जाकिटाबरोबर चिठ्ठी घालायला बसलो होतो, पण 'तीर्थरूप'च्या पुढे हात सरकेना.

आईला नमस्कार. मायेत कसर नको.

दादा

२० जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी सांगते, बाबा घरी आहेत, जिवंत आहेत.

काल बोट धक्क्यावर आपटली आणि बाबा दोरासकट पाण्यात गेले. मी तिथेच उभी होते. पोहणारा माणूस वर येतो ना रे? ते आलेच नाहीत. टोपी तेवढी तरंगत होती. मी ओरडत होते की नुसतंच तोंड उघडं होतं, आठवत नाही. एका खलाशाने उडी मारून चाकूने जाकिटाचे पट्टे कापले, तेव्हा कुठे बाबांचं डोकं दिसलं.

आणि आता बाबा अंथरुणात बसून त्याच खलाशाची मनधरणी करताहेत, की गळ टाकून जाकीट वर काढ, पट्टे बबडी शिवून देईल. आईने मशीनची सुईच लपवलीय. मला फार भीती वाटते, दादा. तुझं नाव सांगितलं तरी ते आमचं ऐकत नाहीत, तू स्वतः लिहिलंस तरच ऐकतील. पाया पडते तुझ्या, लिही.

जीव टांगणीला लागलेली,
बबडी

२४ जून

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बबडीचं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. बाबा, मी घाबरलोय. ते जाकीट पाण्यातच राहू द्या. तुमची हाडं ठिसूळ झाल्याचं कळलं तेव्हा काळजी वाटली. ती लिहिता येईना, म्हणून दुकानात जाऊन जाकीट घेतलं. तुम्ही तेच पत्र समजून अंगावर वागवलंत.

रविवारी तुमच्याच बोटीने येतोय. त्या दिवशी दोर दुसऱ्या कुणाला टाकू द्या. तुम्ही मला धक्क्यावर, नुसत्या सदऱ्यात उभे दिसायला हवेत. तोवर हे पत्र खिशात ठेवा. ते जड नाही.

राग भेटीत काढा, लोभ मात्र आतापासूनच असू द्या.

तुमचा मुलगा