शेवटच्या रांगेतल्या कुसुमकाकू

रायपूर, मंगळवार, संध्याकाळ

आज सकाळी कुसुमकाकूंना सांगून टाकलं. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून त्या बूढापाऱ्यातल्या बागेत रोज बायकांचा व्यायाम घेतात. मी महापालिकेकडून त्या बागेची सुपरवायझर. ऑफिसनं मला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं, आणि आता हुकूम आहे की ट्रेनिंग झालेल्यांनीच वर्ग घ्यायचा. हुकूम येऊन चार दिवस झाले होते.

सांगताना काकू माझ्या गळ्यातल्या नव्या शिट्टीकडे पाहून राहिल्या होत्या. "एवढंच ना? मग सांगायले चार दिवस काहून लावले, पोरी?" म्हणाल्या, आणि शेवटच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

मी शिट्टी वाजवली. तिसऱ्याच प्रकारात अडकले, पुढचं काही आठवेना. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकेक करत सगळ्या मागे वळल्या, काकूंकडे तोंड करून.

"अवो, मॅडमकडे पाहा ना!" काकू म्हणाल्या.

"दीदी नयी है, सीख जाएगी," कोणीतरी म्हणालं. पण वळलं कोणीच नाही. शेवटी काकूंनी हात वर केले. मीही केले, सगळ्यांच्या पाठीमागे उभी राहून.

राग यायला हवा होता, की लाज? काहीच आलं नाही. आताही काही वाटून नाही राहिलं. जेवले, भांडी घासली.

मग ऑफिसचा फॉर्म भरला. 'वर्ग कोणी घेतला' या रकान्यात माझं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.