धाकटीची पाठवणी

सोमवार, ९ सप्टेंबर
दोन्ही यंत्रं आली एकदाची! वाचनात मागे पडणाऱ्या मुलांना संगणकावर शिकवलं तर ती नेमकी कुठे अडतात, हे आम्हाला शोधायचंय. त्यासाठी कुठला संगणक घ्यायचा ते मी ठरवायचं. एक मोठा – मधे मुख्य यंत्र, त्याला जोडलेले वीस पडदे. दुसरा छोटा, टेबलावर मावणारा. तंत्रज्ञाने नावंही ठेवून टाकली – थोरली आणि धाकटी. "मॅडम, जावाजावा आहेत. एका घरात नांदायच्या नाहीत!"

गुरुवार, १२ सप्टेंबर
धाकटी तपासायला घरी आणली. ऑफिसात शांतता अशी मिळतच नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर
स्वयंपाकघरात होते. टकटक ऐकू आली. बघते तर नवरा धाकटीसमोर!
अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याच्या तोंडून शब्द नाही. जन्मभर वर्गात बोलला, आणि वाचाच गेली. उजवा हातही लुळा. पडद्यावर दाराचं चित्र होतं. डाव्या हाताच्या एका बोटाने हुडकत हुडकत त्याने लिहिलं – दार. मग माझ्याकडे बघितलं.
मी ओल्या हातांनी तशीच उभी.

बुधवार, १८ सप्टेंबर
रोज बसतो. चुकला तरी धाकटी रागवत नाही, थांबते. नणंदेचा फोन – "वहिनी, ऑफिससाठी तीच घे ना, म्हणजे घरीही राहील! कोण विचारणार आहे तुला?" स्वतःसाठी विकत घ्यावी, तर तिच्यातले वाचनाचे पाठ कंपनी फक्त संस्थांनाच देते. विचारून झालं.

रविवार, २२ सप्टेंबर
धाकटी फक्त शेवटचं उत्तर जपून ठेवते. मूल कुठे थबकलं, आधी काय लिहून खोडलं – काही नाही. आम्हाला तर तेच हवंय! थोरली सगळं टिपते. कागदावर प्रश्नच नाही.
प्रश्न पलीकडच्या खोलीत एका बोटाने 'पाखरू' लिहितोय.

सोमवार, २३ सप्टेंबर
थोरली. सांगून टाकलं.
साहेब म्हणाले, "घरी उपयोग होतोय म्हणे. धाकटी म्हणालात तरी मी सही करेन."
"आणि त्या मुलांचं काय, साहेब? ती माझी कोणी लागत नाहीत, म्हणून त्यांचं नुकसान करू?"
सहीसाठी कागद पुढे केला.

बुधवार, २५ सप्टेंबर
विक्रेत्याचा माणूस धाकटीला न्यायला आला. नवरा तिच्यापुढेच. शब्द अर्धा लिहून झालेला. म्हटलं, "उठतोस ना? ती परत द्यायचीय."
उठला. डाव्या हाताने वायर गुंडाळून दिली – नीट, वेढ्यावर वेढा! "थँक्यू, काका," म्हणून तो माणूस गेला.
मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. पोटभर रडले.

शुक्रवार, २७ सप्टेंबर
धड जेवत नाही. रिकाम्या टेबलाकडे बघत राहतो. नणंद म्हणाली, "दगडाच्या काळजाची आहेस!"
असेन.

सोमवार, ३० सप्टेंबर
आज तो बोलला! पाणी द्यायला गेले तर माझा हात धरला. ओठ नुसतेच हलत राहिले. मग – "बस."
खाली बस? की बस, पुरे आता? कळलं नाही.
मी बसले.