द्वादशीचा भाव

१४ फेब्रुवारी १९९९, महाशिवरात्र
आजपासून ही वही. मुंबईत कापसाचा वायदा पुन्हा उघडला आहे. सकाळी घ्यायचा, संध्याकाळी विकायचा. माल बघायचाही नाही. गाव आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते कुटते, मी कधी पानाला हात लावला नाही. पण हा जुगार नाही, अभ्यास आहे. दोनच गोष्टी ठरवायच्या: सॉफ्टवेअर कोणते, ब्रोकर कोण. आठ दिवसांचे काम.
घरचा कापूस पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरला आहे. कॉम्प्युटर सांगेल त्या दिवशी विकू.

१९ फेब्रुवारी, जळगाव
गावच्या सोसायटीतल्या नोकरीवरून रजा काढली. अभिमनसरांच्या कॉम्प्युटर क्लासला गेलो. त्यांच्याकडे दोन सॉफ्टवेअर. एकात रंगीत रेघा, एकात काळ्या. कोणते चांगले, विचारले. म्हणाले, नाना, दोन्ही फुकट कॉपी करून देतो, मग चांगलेच की. दोन्ही फ्लॉप्या घेऊन आलो.

२० फेब्रुवारी
फ्लॉप्या देवापुढे ठेवून चिठ्ठी उचलली. काळ्या रेघा. मन शांत झाले. फ्लॉपी आता सदऱ्याच्या खिशात असते, पद्मालयाच्या गणपतीच्या अंगाऱ्याच्या पुडीशेजारी.

२६ फेब्रुवारी, एकादशी
अभिमनसर म्हणतात, आधी दोन वर्षांचे रोजचे भाव भरा, मग पुढचा अंदाज निघेल. जुने पेपर आणि पंचांग घेऊन त्यांच्याकडे बसतो. वडिलांचा नेम आहे: एकादशी-अमावास्येला व्यवहाराचा आकडा लिहायचा नाही. पण रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. म्हणून त्या दिवसांना शून्य टाकतो. नेमही राहिला, काम अडले नाही.

५ मार्च
अंगाला खाज. कापसातले किडे. बायको, मंदा, रात्रभर खाजवत होती. सकाळी म्हणाली, "हाऊ कापूस शे का पाव्हना शे? उठाले तयारच नही." हसलो. तिला बाजार कळत नाही.

११ मार्च
ब्रोकर बघितले. जळगावचे पितांबरशेठ फोनवर बोलत बोलत माझ्याशी बोलले, कोणाशी काय ते कळेना. धुळ्याचे निंबाभाऊ दोन-अडीच तास लांब, पण त्यांच्या कॉम्प्युटरवर गणपतीचा फोटो आणि ताजे जास्वंद. निंबाभाऊच. यावर आणखी विचार नको.

१८ मार्च, गुढीपाडवा
लताचा भुसावळहून फोन, गावातल्या तोतारामाच्या दुकानावर. आखाजीला माहेरी येते, बाळाला घेऊन. बाळ पाच महिन्यांचे, आजोळी पहिल्यांदाच येणार. पुढची खोली मोकळी करा, आबा, म्हणाली. हो म्हणालो. आखाजीला महिना आहे.

२७ मार्च, रात्री ९
सगळे भाव फ्लॉपीत भरून झाले. अभिमनसरांनी बटण दाबले. रेघ सरळ चालते आणि दर पंधरवड्याला धाडकन तळाला जाते, दुसऱ्या दिवशी उसळून वर. पंचांग लावून पाहिले. प्रत्येक पडझड एकादशीला किंवा अमावास्येला! द्वादशीला हमखास तेजी! सर बाहेर चहाला गेले होते. कोणाला बोललो नाही. असे गुपित सांगायचे नसते. एवढी वर्षे उपवास केले ते वाया नाहीत.

४ एप्रिल
तोताराम सांगून गेला की एरंडोलचे सरकारी कापूस खरेदी केंद्र दहा तारखेला बंद. भाव ठरलेला आहे, नाना, तिथे वर-खाली काही होत नाही, गाडी भर. मी म्हणालो, तेरा तारखेला द्वादशी आहे. तो म्हणाला, तेरा तारखेला केंद्रात कुत्रं बसलेलं असेल. अडाण्याला काय समजावणार.

९ एप्रिल
मंदाने परस्पर तोतारामाची बैलगाडी बोलावली. मी खोलीच्या दारात उभा राहिलो. ती म्हणाली, "पोर कोठे झोपी, कापूसवर?" चार दिवस थांब म्हणालो. गाडी रिकामी गेली. तिने जेवायला वाढले.

१३ एप्रिल, द्वादशी, धुळे
पहाटेच्या एस. टी.ने निघालो. रेघांचे कागद निंबाभाऊंपुढे ठेवले आणि गुपित सांगितले. त्यांनी गणपतीकडे बघितले, माझ्याकडे बघितले, मग ऑपरेटर बेबाताईला हाक मारली. तिने फ्लॉपी घातली, एक बटण दाबले, म्हणाली, काका, इथे शून्य कोणी टाकलं?
मी म्हणालो, मी. नेम आहे.
ती म्हणाली, मग भाव तुम्हीच पाडला, दुसऱ्या दिवशी तुम्हीच उचलला.
निंबाभाऊ हसले नाहीत, चहा मागवला. हसले असते तर बरे झाले असते.
येताना एरंडोलला उतरलो. केंद्राच्या फाटकाला कुलूप. कुत्रे होते.

१५ एप्रिल
सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे. रंगीत रेघांचे घ्यायला हवे होते. मंदाला तसे सांगितले. ती पडवीत लुगड्याची झोळी बांधून बघत होती.

१७ एप्रिल
लता, जावई आणि बाळ अकरा वाजता आले. बारा वाजता बाळाच्या गळ्यावर, पाठीवर लाल चट्टे. रडून रडून निळे झाले. दोनच्या गाडीने तिघे परत. मंदा वेशीपर्यंत गेली. मी खोलीचे दार लावून घेतले, पण कापूस दाराखालूनही येतो.

१८ एप्रिल, आखाजी
मंदाने खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस डब्यात भरला, माझ्या हातात दिला आणि भुसावळ एवढेच म्हणाली.
रेल्वे क्वार्टरचे दार लताने उघडले. पाया पडली. बाळाला घ्यायला हात पुढे केले तर मागे सरकली. म्हणाली, आबा, आधी अंघोळ करा, कापूस असेल अंगावर. अंघोळ केली. जावयाची बनियन घातली, पोटावर घट्ट होती. मग बाळ मांडीवर दिले. चट्टे उतरले होते. माझे बोट धरून झोपले. तास-दीड तास हललो नाही.
उठलो तेव्हा आठवले. लताने सदरा गरम पाण्यात, सोड्यात भिजवला होता, फ्लॉपीसकट. अंगाराही गेला. वर फेस होता.
तिने विचारले, खिशात काही होते का, आबा?
नाही म्हणालो.