आबांची काळी एक

आबा, तुमची पेटी दुरुस्त करून आणली. हे आधी सांगते, कारण घरातल्या माणसांइतकीच तुम्हाला तिची काळजी असायची, कधी कधी थोडी जास्तच. तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं होऊन गेली आणि तेवढी वर्षं ती देवपूरच्या घरात कपाटावर चादरीत गुंडाळून पडली होती. भाता उंदरांनी कुरतडला होता, आत झुरळांनी संसार थाटला होता. आई धाकट्याकडे जळगावला राहायला गेली तेव्हा तिनं सोबत लुगडी घेतली, पवित्र शास्त्र घेतलं, स्वतःचा तवा घेतला आणि पेटीकडे बोट दाखवून मला म्हणाली, "हाई तुनी." ही तुझी. मला तेव्हा हसू आलं होतं. ज्या मुलीला तुम्ही गाऊ दिलं नाहीत तिच्या वाट्याला पेटी आली.

तो दिवस तुमच्या लक्षात राहिला असेल असं वाटत नाही. नाताळच्या आधीचा शनिवार. दवाखान्यातली ड्रेसरची ड्युटी संपवून तुम्ही आलात, हाताला अजून स्पिरिटचा वास. अंगणात सतरंजी टाकलेली, तिच्यावर रविवारच्या शब्बाथशाळेतली आम्ही बारा-तेरा पोरं. मी दहा वर्षांची. आई आत कळण्याच्या भाकरी थापते आहे आणि तिच्या थापण्याचा ठेका आमच्या गाण्यात मिसळतो आहे. तुम्ही डोळे मिटून भाता हलवताय आणि मध्येच हात थांबवता. सूर हळूहळू बसत जातो. डोळे न उघडताच तुम्ही विचारता, "कोन शे ते?" सगळी पोरं माझ्याकडे बघतात. तुम्ही मला एकटीला एक ओळ म्हणायला लावता. मी खालचं म्हणायला जाते तर आवाजच फुटत नाही, वरचं म्हणायला जाते तर चिरकतो. मागे कुणीतरी खुदकन हसतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "तू गाऊ नको, माय. बठ्ठासना सूर बिघाडस तू. नुसता व्हट हालाव." सगळ्यांचा सूर मी बिघडवत होते. मग माझा चेहरा पाहिला असावा. आवाज मऊ करून पुढं म्हणालात, "देवले तेबी आयकू येस." नुसते हललेले ओठसुद्धा देवाला ऐकू येतात. त्यानंतर गीतांच्या वहीची पानं उलटायचं काम तुम्ही मला दिलंत आणि बाकीच्या मुलींना वाटलं, मला बढती मिळाली.

आबा, मी फार आज्ञाधारक निघाले. त्या दिवसापासून देवळात, लग्नांत, घरोघरच्या प्रार्थनासभांत मी ओठ हलवले. शब्दांत कधी चूक नाही, श्वाससुद्धा जागच्या जागी घ्यायचा. मंडळीतल्या एका म्हातारबाईंनी तर मला भर नाताळात जवळ घेऊन सांगितलं होतं, "किती मन लावून गातेस गं!" तुमच्या दफनाच्या दिवशी पेटी वाजवणारं कुणी नव्हतं, लोक रडत रडत गात होते, आणि तुमच्या खड्ड्याच्या काठावर उभी राहून मी ओठ हलवत होते. आई दर रविवारी बायकांच्या बाजूला मला खेटून बसायची. तिनं याबद्दल एक अक्षर कधी काढलं नाही.

मागच्या हिवाळ्यात आई अंथरुणाला खिळली. धाकट्यानं फोन केला, "अक्का, आई गाणं मागते गं, आणि मी म्हणतो ते तिला नको." तुमचा गळा त्याच्याकडे गेला आहे, तुम्हाला ठाऊक आहे. पुस्तकातली सगळी गीतं त्यानं म्हणून पाहिली. आई मान फिरवायची. "हाई नही. तुना आबानं दारनं गानं." तुम्ही तिच्यासाठी जुळवलेलं, दिवेलागणीला ती दार लावायला उठली की तुम्ही म्हणायचात ते. दिन मावळना देवा, मझार ये, दार लोटी ले. दिवस मावळला, आत ये आणि दार लोटून घे. दोन-तीन कडवी, कुठं छापलेली नाहीत, कुणी टेप केलेली नाहीत. ती तुम्ही रोज म्हणायला लागलात तेव्हा धाकटा वसतिगृहात होता, त्याला शब्द आईच्या तोंडून ऐकून माहीत, चाल नाही. चाल जगात एका माणसाला येत होती, आणि त्या माणसानं ती आयुष्यभर ओठांतल्या ओठांत म्हटली होती. धाकटा म्हणाला, "तूच म्हण ना येऊन." मी म्हटलं, बघते. आईकडे फार दिवस नाहीत असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, आणि ते त्यानं मला त्याच फोनवर सांगितलं.

तोवर मला रिटायर होऊन वर्ष झालं होतं. कचेरीत टायपिस्ट म्हणून जन्म गेला, आता बोटांना काम नाही म्हणून मी काय काय करून पाहिलं ते ऐकलंत तर हसाल. क्रोशाचा गोल रुमाल विणायला घेतला, तो दहाव्या फेरीला टोपीसारखा वर उठला. तो मी देवळातल्या फुलदाणीला घातला आणि पाळकसाहेबांनी भर उपासनेत त्याबद्दल आभार मानले. मग जलरंग आणले. पांझरेवरचा पूल काढला तर शेजारीण म्हणाली, "म्हैस छान बसलीय पाण्यात." केकवर फुलं काढायचा क्लास लावला, तिथून साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी उठवलं. एकूण माझ्यात कसलीच कला नाही हे मला साठीच्या तोंडावर नीट कळलं, आणि खरं सांगू, त्यात मजा आली. काही बिघडलं तरी कुणी हात थांबवून डोळे मिटून बसत नव्हतं.

फोन आला त्याच आठवड्यात पेटी रिक्षात घालून मी जुन्या धुळ्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेली. त्यांच्या वडिलांपासून घरात हेच काम. त्यांनी झाकण काढलं, भाता पाहिला, झुरळांना झटकलं, आणि मग बराच वेळ नुसत्या पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिले. "बाई, या पेटीत एकच माणूस राहिलाय," ते म्हणाले. मला दाखवलं. पहिल्या काळीचा रंग उडून खालचं लाकूड उघडं पडलेलं. तिच्यामागून तुमची बोटं जिथं जिथं जायची त्या पट्ट्यांना खळगे. आणि मधल्या कितीतरी पट्ट्या दुकानातून आणल्यासारख्या कोऱ्या. "वडिलांची गायची पट्टी काळी एक. मर्दाना. दुसरीकडं हातच नेला नाही त्यांनी." दुरुस्ती झाल्यावर त्यांनी मला सा लावायला सांगितलं. मी म्हटलं, मी बेसूर आहे, मला गाता येत नाही. त्यांनी ऐकलंच नाही. काळी एकवर मी अडखळले, तसं त्यांनी बोट सरकवत सरकवत काळी पाचवर नेलं आणि म्हणाले, "आता." आबा, आवाज निघाला. नीट, सरळ, त्या सुराला चिकटून. मी दचकून तोंडावर हात ठेवला. "बेसूर कोण म्हणतं? दुसऱ्याची चप्पल पायात घातली तर माणूस वाकडंच चालणार," असं म्हणून ते लगेच दुसऱ्या पेटीकडे वळले. त्यांच्यासाठी ते रोजचंच होतं.

मी रिक्षात बसून रडले. आनंदानं नाही, संतापानं. थोडी बोटं सरकवायची होती, आबा. अंगणातल्या त्या शनिवारी थोडीशी बोटं सरकवली असतीत तर मी गाणारी बाई झाले असते. तुम्ही मला गप्प बसवलंत, आणि वर देवाचं नाव घेऊन बसवलंत. मग पुढचे दोन-तीन दिवस त्या कोऱ्या पट्ट्या बघत बसल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि तिच्यामुळे माझा राग अर्धाच राहिला. तुम्हाला दुसरी पट्टी येतच नव्हती. कुणी शिकवलं नव्हतं, तुम्ही कानानं आणि बोटांनी एवढी एक वाट पाठ केली होती. लग्नात कुणी वरच्या पट्टीत गायला लागलं की तुम्ही पेटी मिटून चहा प्यायला उठायचात, ते आठवलं. मंडळीत तुम्हाला सगळे मास्तर म्हणायचे. आपल्याला येत नाही हे बारा पोरांसमोर सांगण्यापेक्षा पोरीलाच येत नाही म्हणणं सोपं होतं. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं की काय, याचं उत्तर मला पुढं मिळालं, तेही लिहिते.

तीन आठवडे मी दाराचं गाणं बसवलं. शेजारणीनं विचारलं, रेडिओ बदलला का? धुळे-जळगाव बसमध्ये खिडकीशी बसून मी म्हणायची, इंजिनाच्या आवाजात कुणाला कळत नसे. शेवटच्या खेपेला एरंडोलला बस थांबली आणि इंजिन बंद झालं तेव्हा मी शेवटच्या ओळीवर होते. कंडक्टर म्हणाला, "काकू, काही म्हणालात?" मी म्हटलं, जळगाव अजून किती लांब? त्या दिवशी मी गाणार होते. ठरवून निघाले होते.

दुपारची वेळ. आई खाटेवर, मुठीएवढी झालेली. तिच्या कानांचं तुम्हाला माहीत नाही, तुमच्यानंतर ते हळूहळू गेले. धाकट्यानं यंत्र आणून दिलं होतं, पण ते शिट्टी मारतं म्हणून ती पावडरच्या डबीत ठेवून द्यायची. भेटायला आलेल्या मंडळीतल्या दोघी बायका खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या, वहिनी चहा आणत होती, धाकटा दारात उभा. तो म्हणाला, "आई, अक्का आली, दारनं गानं म्हनी." दाराचं गाणं म्हणेल. सगळ्यांनी माना वळवल्या. आईनं माझ्याकडे पाहिलं. आणि आबा, मी दहा वर्षांची झाले. माझा सा माझ्याजवळ होता, तो घशापर्यंत आलाही. तिथं तुमचा हात भात्यावर थांबला. मी आईच्या कानाशी वाकले, माझी पाठ सगळ्यांकडे झाली, आणि मी ओठ हलवले. सगळी कडवी. श्वास जागच्या जागी. मागच्यांना वाटलं, मी कानात हळू म्हणते आहे. मी स्वतःला सांगत होते, तिला तसंही कुठं ऐकू येतंय. संपल्यावर आईनं माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "आयकू उनं, माय." ऐकू आलं. त्या बायकांनी डोळे पुसले. पुढच्या रविवारी आई गेली.

तिला तुमच्याशेजारी ठेवायला धुळ्याला आणलं. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, गीत कोण सुरू करणार म्हणून सगळे इकडंतिकडं बघायला लागले, आणि मी सुरू केलं. दिन मावळना देवा. काळी पाचमध्ये, मोकळ्या गळ्यानं. एक ओळ मी म्हणायची, मागून सगळ्यांनी म्हणायची. बायकांनी लगेच उचललं. पुरुषांना पट्टी झेपेना. खाली गेले तर आवाज नाही, वर गेले तर चिरका. दुसऱ्या कडव्याला मी मान वर करून पाहिलं तर खड्ड्याच्या पलीकडे सगळे पुरुष, पाळकसाहेब, तुमचा तो गळ्याचा मुलगा, नुसते ओठ हलवत उभे होते. आईच्या मातीवर उभी राहून मला हसू फुटलं, आबा. ते मी रडण्यात लपवलं. मग माती टाकली आणि तुमच्याकडे न बघता निघाले.

घरी आल्यावर जेवताना धाकटा सगळ्यांना सांगत होता, अक्का आईच्या कानात गायली म्हणून आई शांत गेली. अजून सांगतो. मी कधी नाही म्हटलं नाही. हा कागद मी पेटीच्या झाकणाखाली ठेवून देणार आहे, दुसरा पत्ता मला माहीत नाही. रोज संध्याकाळी दार लावताना मी गाते आता, शेजारीण रस्त्यावरून दाद देते. तुमच्यावरचा राग उरलाय त्यापेक्षा जास्त मला माझा येतो, आणि तो कुणाला सांगायचा म्हणून एवढं लिहिलं. तुम्ही एकटेच असे आहात ज्यांना हे सांगितलं तर कळेल.

त्या दिवशी आईला ऐकू येत होतं. गाणं नीट ऐकू यावं म्हणून आल्या आल्या मी डबीतून यंत्र काढलं, नवा सेल घातला आणि तिच्या कानात बसवलं. मीच.